अनुभव धागा: गाड्यांच्या रांगेतून दुचाकी काढताना पट्टे, वेग आणि घात

पाऊस तोंडावर आहे. सिग्नलला गाड्या थांबल्या की दुचाकी फटीतून पुढे, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा नियम विचारला तर भलेभले गप्प होतात. "माझं एकदा असं झालं" नको. काय करायचं आणि कुठे फसतं, तेवढंच लिहा.

कलमबहाद्दर
आधी गैरसमज काढू. मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम 2017 मध्ये फटीतून जायची वेगळी सवलत दुचाकीला नाही. लेन आखलेली असेल तर लेनमध्येच, आणि बदलायची तर आधी इशारा. ओव्हरटेक मुळात उजवीकडून. समोरचा उजवीकडे वळायचा इशारा देऊन मध्याकडे सरकला असेल तर डावी बाजू घ्या. विनियम मोडला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 177 अ, दंड 500 ते 1000 रुपये. लाल सिग्नल तोडणं आणि उलट दिशेने चालवणं मात्र कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये जातं, ते जड आहे.

आता पट्टे. तुटक पांढरी रेघ रस्ता मोकळा असेल तर ओलांडता येते. मधली सलग पिवळी रेघ ओव्हरटेकसाठी ओलांडायची नाही, समोर चिटपाखरू नसलं तरी. एक सलग आणि एक तुटक असेल तर आपल्या बाजूची रेघ बघायची. रांग लांब दिसली म्हणून सलग रेघेपलीकडून पुढे जाणाऱ्यांची खरी अडचण परत आत शिरताना होते: समोरून बस आलेली असते आणि रांगेतलं कुणी तसूभर जागा देत नाही. चौकातल्या पिवळ्या जाळीवरही, पलीकडे जागा नसेल तर शिरू नये. 'आपली गाडी मावेल' हा हिशोब तिथे चालत नाही.

हाफ क्लच
वेगाचं गणित करून बघा. रांग उभी आहे, तुम्ही ताशी 15 किमीने चाललाय आणि पुढच्या टॅक्सीचं दार उघडलं. भानावर यायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात 4 मीटर जातात, ब्रेकने थांबायला आणखी दोनेक. एकूण 6 मीटर, म्हणजे दीड गाडी. ताशी 30 ला हाच आकडा 15 मीटरवर जातो, जवळपास चार गाड्या. म्हणून उभ्या रांगेत 15 च्या वर नाही, आणि रांग 30 ने सरकायला लागली की फट सोडून लेनमध्ये या.

पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक खेचलात की गाडी आडवी. नजर हँडलवर नको, तीन गाड्या पुढे: चाकं वळतायत का, मागच्या सीटवर कोण उतरायच्या तयारीत आहे. बसच्या आणि कठड्याच्या मध्ये तर अजिबात नको. वळताना बसचं मागचं चाक आत कापतं आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता.

टेम्सकाठचा
इंग्लंडात फिल्टरिंगला, म्हणजे रांगेच्या फटीतून दुचाकी काढायला मुभा आहे, हायवे कोड या तिथल्या वाहतूक नियमावलीचा 88 वा नियम वेग कमी ठेवायला सांगतो. पण झेब्राआधीच्या नागमोडी रेघांमध्ये क्रॉसिंगला सर्वांत जवळच्या गाडीला ओलांडायचं नाही. सिग्नलला सायकलींसाठी आखलेल्या पुढच्या चौकटीतही मोटरसायकल नेता येत नाही, पहिल्या रेघेवर थांबायचं. पॉवेल विरुद्ध मूडी (1966) खटल्यात दुधाच्या टँकरने वाट दिली म्हणून बाजूच्या रस्त्यावरून गाडी बाहेर आली, तरी 80 टक्के दोष रांगेला ओलांडणाऱ्या मोटरसायकलवाल्यावर. रांगेत मोठ्या गाडीपुढे रिकामी जागा दिसली की तिथून कुणीतरी येणार, असंच धरून चाला.

सिडनीकर
ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये फटीतून जायला 1 जुलै 2014 पासून परवानगी, कमाल वेग ताशी 30 किमी, शाळेजवळच्या स्कूल झोनमध्ये नाही.

ओली सडक
पट्टे म्हणजे थर्मोप्लास्टिकचा साधारण 2.5 मिमी थर. रात्री चमकावा म्हणून त्यात काचेचे मणी असतात, पण जुना पट्टा घासून गुळगुळीत होतो आणि पहिल्या सरीत तेल-धूळ मिसळून साबण बनतो. झेब्रा आणि स्टॉप लाइन सरळ ओलांडा, त्यावर ना झुकणं, ना ब्रेक. ब्रेक पट्टा यायच्या आधीच संपवा. स्कूटरवाल्यांनो, कॉम्बी ब्रेकमध्ये डावा लिव्हर पुढचं चाकही धरतो. "मी फक्त मागचा मारला" हा भ्रम आहे.

पाना-पकड
लेगगार्ड हँडलपेक्षा रुंद असेल तर काढा. बहुतेक गाड्यांची रुंदी 700 ते 800 मिमी, आरसे धरून त्याहून जास्त, आणि बाजूला लटकवलेली पिशवी कुणीच मोजत नाही. आरशाला आरसा घासला तर गचका लगेच हँडलमध्ये येतो, म्हणून दोन्हीकडे वीतभर मोकळं नसेल तर तिथे शिरूच नका. आरसे दुमडून जाणाऱ्यांना मागून येणारा दुसरा दुचाकीवाला दिसत नाही, आणि त्याच फटीत तोही घुसलेला असतो.