जुनी स्प्रिंगवाली एअर रायफल, दहा मीटरवर एका जागी लागत नाही. आधी काय बदलू?

धोटेवाला (सोलापूर, पूर्व भाग)

नमस्कार मंडळी. मी जॉबर आहे, टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं माग दुरुस्त करतोय. बंदुकीतलं फार कळत नाही, पण स्प्रिंग, चामडं आणि ढिला स्क्रू अंधारातही कळतो. तेव्हा काम हातानं करीन, फक्त काय करायचं ते सांगा.

गेल्या दिवाळीत मालकांनी बोनसबरोबर एक जुनी एअर रायफल दिली. त्यांच्या शेतावर बारा वर्षं दाराआड उभी होती. नळी मोडून भरायची, ०.१७७ इंची छर्ऱ्याची. दस्ता लाकडी आहे, त्यावर कुणीतरी तपकिरी ऑइलपेंट मारून ठेवलाय. कंपनीचं नाव झिजून गेलंय.

माझा आजवरचा अनुभव म्हणजे गड्डा, आमच्या सोलापूरची जत्रा. संक्रांतीला होम मैदानावर फुग्यांचा स्टॉल लागतो, तिथं लहानपणापासून पैसे घालवलेत. तिथल्या बंदुकांची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटा) वाकडीच असते असं धरून चालायचं. पहिले दोन छर्रे बंदूक ओळखायला द्यायचे, मग चार बोटं डावीकडं धरायचं. तेवढ्या विद्येवर हे चाललंय.

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) ठेवायच्या बोळात मारतो. टेपनं मोजून दहा मीटर. समोर तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा, तोंड माझ्याकडं, आत चिंध्या ठासलेल्या. त्याच्यामागं जुनी चादर चार पदरी आणि तिच्यामागं दगडी भिंत. बोळाला दुसरीकडून दार नाही, त्यामुळे मधेच कुणी येत नाही.

अडचण अशी की पाच छर्रे बशीभर पसरतात. काल व्हर्नियरनं मोजलं, ४२ मिलिमीटर. मधे एका दुकानातून अठराशेची दुर्बीण आणली. दहा मीटरवर कागद धुरकट दिसतो, आणि दोन आठवड्यांत आतली फुली तिरकी झाली. दुकानदार म्हणतो बंदुकीनंच बिघडवली, वॉरंटी नाही. पुतण्या म्हणतो कडक स्प्रिंग टाका, नाहीतर ऑलिंपिकवाल्या कुसाळेसारखी .२२ घ्या. माझ्याकडं सहा हजार आहेत. आधी काय बदलू?

नेमधर (पुणे)

धोटेवाले, सहा हजार खिशातच ठेवा. आधी फक्त स्क्रू ड्रायव्हर काढा.

दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगरच्या कडीपाशी एक-दोन. स्प्रिंगच्या रायफलीत हे सैल होतातच, कारण प्रत्येक फायरला पिस्टन पुढं धावतो तेव्हा रायफल मागं येते, आणि पिस्टन हवेच्या उशीवर आदळला की ती पुढं ढकलली जाते. एका छर्ऱ्यात दोन उलटसुलट धक्के. तुमची फुली त्यानंच हलली. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात, पुढचा त्यांना सोसत नाही. म्हणजे दुकानदार खोटं बोलला नाही, पण विकण्याआधी बोलायला हवं होतं. धुरकट दिसायचं कारण वेगळं. बहुतेक दुर्बिणी लांबच्या अंतरावर बसवलेल्या असतात. दहा मीटरला पुढची काच फिरवून फोकस करता येणारी लागते.

दुर्बीण उतरवा. स्क्रू काढून, पुसून, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब लावून परत बसवा. लाल लावू नका, पुन्हा उघडणार नाही. मग नळी धरून आडवी हलवून बघा. बिजागरीत खेळ असेल तर नेम कितीही धरा, नळी दर वेळी नव्या जागी बसणार.

छर्रे कोणते वापरता? टोकदार असतील तर ते राहू द्या. कागदावर मारायला सपाट डोक्याचे घ्या, भोक पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल पडतं. दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे आणा. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा डबीवर लिहिलेला असतो, आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. डबीतले ज्यांचे घागरे (मागचा पसरट भाग) चेपलेत ते बाजूला काढा.

थेट ठोक (लातूर)

अण्णा, एवढा खटाटोप कशाला? स्प्रिंग फेका, गॅस रॅम (स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या गॅसची नळी) टाका. सेकंदाला हजार फूट वेग भेटतो. छर्रा सरळच जातो मग, वाकडा जायला टाईमच नसतो त्याला 😄

नेमधर (पुणे)

थेट ठोक, गंमत कळली, पण अण्णा खरंच करतील म्हणून लिहितो. ऑलिंपिकच्या दहा मीटरच्या रायफली सेकंदाला साधारण १७५ मीटरनं मारतात. छर्ऱ्याची ऊर्जा जेमतेम आठ ज्यूल. तिथल्या कागदावर काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि हा कमी वेगाचा छर्रा त्यावरच बसतो. वेग वाढवला की धक्का वाढतो, आवाज वाढतो, हातात धरायचं अवघड होतं. दहा मीटरवर बदल्यात मिळत काहीच नाही.

शिवाय कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफल ०.१७७ पर्यंत आणि २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या वरचा, ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा छर्रा घ्या. सेकंदाला २७५ मीटर गाठले की वीस ज्यूल झाले. तुमचे हजार फूट म्हणजे ३०० मीटरच्या वर. म्हणजे घरबसल्या विनापरवाना हत्यार तयार.

.२२ चं म्हणाल तर स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते .२२ नंच, पन्नास मीटरवर. पण ते बारुदाचं हत्यार. त्याला परवाना, क्लब, रेंज सगळं आलं. बीमच्या बोळात ते काढायचंही नाही.

धोटेवाला (सोलापूर, पूर्व भाग)

नेमधर सर, तीन रविवार गेले, आता सविस्तर लिहितो.

पुढचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा ढिले होते. मला लाज वाटली वो. मागावर असा स्क्रू दिसला असता तर पोरांना शिव्या घातल्या असत्या. घट्ट केले, थेंब लावला. त्याच छर्ऱ्यांनी ४२ चे ३१ झाले. नुसत्या स्क्रूनं!

मग एक गाढवपणा केला तोही सांगतो. पिस्टन कोरडा वाटला म्हणून नळीच्या मागच्या भोकातून मागाचं स्पिंडल तेल चार थेंब सोडलं. पहिला छर्रा काय फुटला! सुतळी बॉम्बसारखा आवाज, नळीतून निळा धूर, आणि शेजारच्या शेडमधला वॉचमन काठी घेऊन आला. नंतर डोक्यात प्रकाश पडला. हवा दाबली गेली की तापते, तेल पेटतं, डिझेल इंजिनसारखं.

त्यानंतर उघडलीच. नळी उतरवून स्प्रिंग काढताना शेडमधला लांब क्लॅम्प लावला, कारण आतली स्प्रिंग सुट्टी झाली तर तोंड फोडेल हे न सांगता कळतं. आत चामड्याचा वॉशर, जळालेल्या पापडासारखा. स्प्रिंग एका बाजूला किंचित वाकलेली आणि आतल्या मार्गदर्शक नळीवर खुळखुळ वाजायची. फायर केल्यावर टणण्ण असा जो आवाज यायचा तो हाच.

वॉशर मी पिकरच्या (मागावर धोट्याला ठोकणारा तुकडा) चामड्यातून नवा कापला, साच्यात दाबून वाटीसारखा केला. आता त्याला पेट्रोलियमचं तेल नाही, सिलिकॉनचे दोन थेंब. स्प्रिंग नवी घेतली, पण जुन्याच ताकदीची. पुतण्या रुसला. मार्गदर्शक नळी नायलॉनच्या बुशमधून लेथवर करून घेतली, स्प्रिंग तिच्यावर हातानं ढकलूनच बसेल एवढी घट्ट. टणण्ण गेला. आता ठप् एवढंच येतं. खर्च सगळा मिळून साडेसातशे, त्यात लेथवाल्याचा चहा धरला.

सपाट डोक्याचे छर्रे तीन प्रकारचे आणले. माझ्या नळीला ४.५० वाले आवडले. पाच छर्रे २२ मिलिमीटर. पण २२ च्या खाली काही केल्या येईना. धरण्यात चूक आहे का?

एकनाळी आजोबा (बार्शी)

बाळा, तू जॉबर, म्हणून रायफल घट्ट आवळत असणार. मागावर ते चालतं. स्प्रिंगच्या रायफलीला दोन धक्के आहेत हे वर सांगितलंच आहे. तिला जाऊ दे. डावा तळवा उघडा ठेव, बोटं मिटू नकोस, दस्ता नुसता तळव्यावर टेकू दे, दर वेळी त्याच जागी. खांद्यालाही दाबू नकोस. आणि छर्रा सुटल्यावर एक-दोन-तीन मोजेपर्यंत डोळा माशीवरून हलवू नकोस. या रायफलीत ट्रिगर दाबल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत वेळ लागतो, तेवढ्यात माणूस मान वर करतो आणि छर्रा भलतीकडं जातो.

दुसरं, दुर्बिणीचा नाद सोड. स्पर्धेत दहा मीटरला दुर्बीण चालतच नाही. मागं बारीक भोकाची पीप साइट आणि पुढं गोल कडीची माशी. काळा गोल कडीच्या मधोमध, भोवती पांढरी रिंग सारखी दिसली की झालं, डोळा आपोआप मध्य शोधतो. तुझ्या रायफलीवर वर खाचांची पट्टी असेल तर पीप साइट बसेल. नसेल तर आहे ती माशी कापराच्या काजळीवर धर. चकाकी मरते, कडा सुईसारखी दिसते. आमच्या वेळी सगळे असंच करायचे. हिरव्या-लाल चमकत्या माश्या आल्या आहेत, त्या कागदासाठी काही कामाच्या नाहीत, टोक जाड दिसतं.

ट्रिगर मात्र फार हलका करू नकोस. स्क्रू असतो, फिरवायचा मोह होतो. आतली कळ कमी पकडीवर आली की नळी मोडलेली असतानाच सुटेल आणि बोटं जातील. भरताना नळी एका हातानं धरूनच ठेवायची, ही सवय लाव.

आणि छर्रे शिशाचे आहेत. हात धुतल्याशिवाय शेंगदाण्याची चटणी-भाकरी खायची नाही. चिंध्या काढशील तेव्हा झटकू नकोस, ओल्या करून काढ.

होटगी रोडकर

आजोबा म्हणतायत ते पटलं. माझं एकच: गालाला दस्ता पुरेना म्हणून मी जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून वर चामडं शिवलं. पीप साइट लावली की डोळा उंच न्यावा लागतो, तेव्हा अर्धा इंच उंची लागतेच. शे-दीडशेत काम होतं. आणि पुतण्याला आत्ताच सांगा, गच्चीवर कबुतरं-पोपट नको. वन्यजीव कायदा आहे, शेजारी पण आहेत.

धोटेवाला (सोलापूर, पूर्व भाग)

आजोबा, नमस्कार करतो. तळवा उघडा ठेवला, पहिल्या दहा छर्ऱ्यांत रायफल हातातून पळतेय असंच वाटायलं. मग सवय झाली. पीप साइट सेकंडहँड मिळाली, २,४००. पुढची कडी लेथवाल्यानं पितळेची केली, कापरानं काळी केली, घरचे म्हणाले देव्हाऱ्यातला कापूर कुठं गेला. गालाला चादरीची पट्टी गुंडाळली, लाल-काळी चौकटीची, वर चामडं शिवलं नाही, चौकट दिसू दे म्हटलं. ऑइलपेंट खरवडला तर खाली खरंच चांगलं लाकूड निघालं.

काल पाच छर्रे, १३ मिलिमीटर. कागद सोबत टाकलाय. एक बाहेर गेलाय तो माझा, तेव्हा फोन वाजला होता.

आता पुढची अडचण. काल मालक बोळात आले. उभे राहून बघितलं, मग म्हणाले दे इकडं. पाच मारले, चार काळ्यात. रायफल उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "ही माझीच ना रे?"

होटगी रोडकर

अण्णा, पितळेची कडी आजच काढून खिशात ठेवा 😂