अर्थशास्त्र मेजर: मायनर कोणता? चौथं वर्ष करावं का?

द्राक्षवेल
एफ.वाय.बी.ए., मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र, सांगली जिल्हा. बारावी कला शाखेतून, पण गणित होतं, ७१ मार्क. मायनरला (जोडीचा दुय्यम विषय) गणित, राज्यशास्त्र की भूगोल? तीन वर्षांत १३२ क्रेडिटवर पदवी घेऊन एम.ए.ला जावं, की चौथं वर्ष करून १७६ पूर्ण करून ऑनर्स? क्लास-पुस्तकांना चार वर्षांत मिळून १० हजार आहेत. त्यातच बसेल असं सुचवा, प्लीज.

ठोकताळा
राज्यशास्त्र. डोळे झाकून. स्पर्धा परीक्षेला तेच कामी येतं. मी पुण्यात दीड लाखाचा क्लास लावला होता, नोट्स अजून माळ्यावर आहेत. हव्या तर घेऊन जा.

सीमांत_उपयोगिता
निकाल काय लागला ते लिहा की ठोकताळा :)
ताई, गणितच घे. मी घेतलं नाही. एम.ए.ला पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लॅग्रांज (मर्यादा घालून कमाल-किमान काढायचं गणित) मांडलं आणि मी शेजारणीच्या वहीत बघत बसले. आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्था) एमएसक्यूईला, म्हणजे तिथल्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला, तर गणिताचा वेगळा पेपर असतो.

बापूसाहेब_निवृत्त
आमच्या वेळी मेजर-मायनर नव्हतं. स्पेशल विषय असायचा. तरी बँकेत ३४ वर्षं काढली.

कोरा_कागद
गणित +१. आणि आधी लॅपटॉप घे, ५५ हजारांत बरा येतो.

द्राक्षवेल
१० हजार म्हटलं होतं मी.

कोरा_कागद
ईएमआयवर घे.

दुष्काळी_पट्टा
लॅपटॉपचा वेगळा धागा काढा हो.
मुद्द्याचं लिहितो. ३+२ काय नि ४+१ काय (पदवी + एम.ए.), एम.ए. धरून पाचच वर्षं होतात, कारण ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षाचं. भारतीय आर्थिक सेवेला पदव्युत्तर पदवी लागतेच. फरक संशोधनाचा: ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के हवेत. म्हणजे चौथ्या वर्षाची तयारी आत्तापासून. पहिल्या सेमिस्टरला ढिलाई केली की ते टक्के नंतर भरून काढताना दमछाक होते (अनुभव).
टी.वाय.ला असतानाच आयआयटीची जॅम (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) देता येते, फेब्रुवारीत असते. अर्थशास्त्राचा पेपर २०२१ पासून आहे. त्यात सूक्ष्म, समग्र, संख्याशास्त्र, गणित, भारतीय अर्थव्यवस्था, सगळं येतं. म्हणून कलन (कॅल्क्युलस) आणि मॅट्रिक्स एस.वाय. संपेपर्यंत उरकायचं. अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणं) त्यानंतरच कळते. त्याआधी नुसते ठोकळे पाठ होतात.

ठोकताळा
चार वर्षं एकाच कॉलेजात म्हणजे वेळ वाया. तीन करा, बाहेर पडा.

सीमांत_उपयोगिता
दीड लाखाचं काय मग?

बापूसाहेब_निवृत्त
भांडू नका. मुलीनं मराठी माध्यम की इंग्रजी, ते सांगितलंच नाही.

शून्य_शिल्लक
गणित घे, सगळ्यांनी सांगितलंच आहे. पण वेळापत्रक बघ आधी. माझं मायनर दुसऱ्या इमारतीत, मेजरच्या तासालाच. वर्षभर एकीकडे हजेरी, दुसरीकडे माफीनामा. स्वयमवर (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ) गणित, संख्याशास्त्र फुकट शिकता येतं, फी फक्त परीक्षेची. कॉलेजनं मान्य केलं तर सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिटही धरतात. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअरही फुकट, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकून मागा.

द्राक्षवेल
सगळ्यांचे आभार. माध्यम मराठी, काका.
आज फॉर्म भरला. मायनर भूगोल.
गणिताचा तास सकाळी ७:१० ला, आमची पहिली एसटी ८ ला पोचते. आणि खरं सांगायचं तर अर्थशास्त्र घेतलं तेच बेदाण्याच्या भावापायी: घरी माल तयार असला की भाव पडलेला. पाणी, जमीन, बाजार हे भूगोलाच्या मॅडम नकाशावर दाखवतात, जीआयएससुद्धा (संगणकावर नकाशे नि माहिती जोडणं) आहे. गणित स्वयमवर करते. चौथ्या वर्षाचं ७५ टक्के पडले तर बघू.

सीमांत_उपयोगिता
शेजारणीची वही लागेल बघ.

कोरा_कागद
जीआयएसला लॅपटॉप लागेलच. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?