मदत हवी आहे: वॉलआय गळाला लागेना, काय वापरू?

गळटाक्या
तीन दिवस झाले, डोकं पिकलंय. गेममधल्या मिशनला तीन वॉलआय मासे हवेत आणि माझ्या जाळीत एकही नाही. पर्च येतात, पाईक तर मागे लागल्यासारखे येतात, वॉलआय काही येत नाही. जिग (वजनदार डोक्याचा गळ), स्पून, क्रँकबेट, सगळी नकली आमिषं वापरून झाली. रॉड चांगला आहे. कुठलं जिग आणि कुठला रंग, एवढंच सांगा. "संयम ठेवा" असं कोणी लिहू नका, तो संपलाय.

निवांत_नौका
गेम कुठला? तलाव कुठला? खोली किती? "रॉड चांगला आहे" म्हणजे डॉक्टरला "पोट बरं आहे" सांगून औषध मागण्यातला प्रकार झाला.

गळटाक्या
फिशिंग प्लॅनेट, अजून कुठला? तलाव व्हाइट मूस.

पाणकोंबडा
डोळे झाकून ट्रोलिंग कर. लांब, सडपातळ क्रँकबेट लावायचं, बोट अगदी हळू ठेवायची आणि तळाच्या थोडं वरून ओढत न्यायचं. खऱ्या आयुष्यातही ईरी सरोवरावर लोक असेच वॉलआय धरतात. जिग टाकत काठावर बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

गळटाक्या
बोट नाहीये माझ्याकडे.

पाणकोंबडा
मग आधी बोट घे.

जिगरबाज
त्यानं जिग विचारलंय आणि तुम्ही त्याला बोट विकताय! गळटाक्या, काठावरून वॉलआय व्यवस्थित मिळतो. जिगचं वजन किती आहे तुझं? आणि ओढतोस कसं?

गळटाक्या
२१ ग्रॅम. लांब जातं म्हणून. ओढतो म्हणजे टाकतो आणि रील फिरवतो, आणखी काय करतात?

जिगरबाज
इथेच घोडं पेंड खातंय. २१ ग्रॅम म्हणजे धोंडा झाला. दर दहा फूट खोलीला साडेतीन ग्रॅम असा एक ढोबळ हिशेब असतो. चार-पाच मीटर खोली असेल तर ५ ते ७ ग्रॅम पुरे. वारा किंवा प्रवाह असेल तर थोडं वाढव.

आता ओढायचं कसं ते. जिग टाकलं की रील लगेच फिरवू नकोस. लाइनकडे बघत मनात आकडे मोज. समजा नऊला लाइन सैल पडली, तर नऊला तळ आहे. मग रॉडचं टोक हळूच वीतभर उचलायचं, जिग परत खाली पडू द्यायचं, सैल झालेली लाइन गोळा करायची आणि पुन्हा तेच. वॉलआय बहुतेक वेळा जिग खाली पडत असतानाच तोंडात घेतो. टाकल्यावर नऊला सैल व्हायला हवी ती लाइन सहालाच सैल पडली, तर तो तळ नाही, मासा आहे. लगेच झटका दे. नुसतं सरळ ओढशील तर पाईकच येणार, त्याला पळतं भक्ष्य आवडतं.

शिंगाडा
फ्लोटखाली जळू लावा आणि निवांत बसा. वॉलआय जळवेला नाही म्हणत नाही. गांडूळही चालतं. पण आमिष तळापासून फूटभर वर असायला हवं, पाण्याच्या मधोमध लटकवून उपयोग नाही.

गळटाक्या
लीडर (गळाच्या आधीचा लाइनचा तुकडा) कुठला? मी स्टीलचा लावलाय, नाहीतर पाईक जिग तोडून नेतात.

जिगरबाज
काढ तो. वॉलआयचे दात टोकदार असतात, पण पाईकसारखी तो लाइन कापत नाही. फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक दोऱ्याचा लाव.

पाणकोंबडा
म्हणजे पाईकनं जिग नेलं की नवं घ्यायचं? खर्च तुम्ही देणार का? त्याच पाण्यात पाईक आहेत हे तो स्वतः सांगतोय. स्टील राहू दे.

जिगरबाज
तुमच्या बोटीच्या किमतीत किती जिग येतील ते मोजून बघा. हघ्या (हलकंच घ्या).

तळ्यात_मळ्यात
अवांतर: कॅनडात बरेच लोक वॉलआयलाच पिकरेल म्हणतात. खरा पिकरेल हा पाईकच्या कुळातला, वॉलआय पर्चच्या. युरोपातला झँडर मात्र वॉलआयचा सख्खा चुलतभाऊ. मिनेसोटाचा तर हा राज्य-मासा आहे, १९६५ पासून.

शिंगाडा
अवांतरात अवांतर: टेनेसीच्या ओल्ड हिकरी तलावात १९६० साली २५ पौंडांचा वॉलआय धरल्याचा विक्रम सांगतात. तो आकडा खरा की खोटा यावर लोक अजून भांडतात.

निवांत_नौका
भांडा नंतर. गळटाक्या, जे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं ते आता विचारते. गेममध्ये किती वाजता मासे धरतोस?

गळटाक्या
सकाळी नऊ ते दुपारी चार. पहाटे स्क्रीनवर काही दिसतच नाही, म्हणून वेळ पुढे ढकलतो. संध्याकाळी अंधारायला लागलं की थेट दुसऱ्या दिवशी. का?

निवांत_नौका
अरे देवा.

त्याचं नाव वॉलआय आहे रे! डोळ्यांवरूनच पडलंय. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ना, तसा परावर्तक थर याच्या डोळ्यांत मागे असतो. अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला तो दिसत नाही, म्हणून तो पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. भर दुपारी स्वच्छ पाण्यात तो खोल जाऊन पडून राहतो. तुला दिसत नाही म्हणून तू जे तास वगळतोस, नेमके तेच त्याच्या जेवणाचे!

दिवसाच खेळायचं असेल तर ढगाळ, वाऱ्याचा दिवस निवड आणि वारा ज्या काठावर आदळतो तिथे टाक. पाण्यावर लाटा असल्या की उजेड आत कमी जातो. अमेरिकेतल्या गळकऱ्यांनी अशा लाटांना वॉलआयचंच नाव दिलंय. आणि रात्री थांबणार असशील तर आधी लायसन्समध्ये रात्रीची परवानगी आहे का ते बघ, नाहीतर मिशन राहील बाजूला आणि दंड भरत बसशील.

जिगरबाज
सहमत. वेळ विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. रंग पोपटी किंवा सोनेरी घे, पण वजन आणि वेळ चुकली तर रंगानं काही होत नाही.

टंकनिक
पहाटे दिसत नसेल तर ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं. किती जीबी आहे?

गळटाक्या
कार्डाला काही झालेलं नाही. गेममध्ये पहाट आहे म्हणून अंधार आहे.

टंकनिक
तरी ड्रायव्हर अपडेट करून बघा.

गळटाक्या
ताजा अहवाल. ७ ग्रॅमचं जिग, पोपटी शॅड (रबरी मासा), फ्लुरोकार्बन. (पाणकोंबडा, रागावू नका, एक जिग पाईकनं नेलंच.) संध्याकाळी सातला बसलो. तळ आठवर लागत होता. पहिल्या वीस-एक वेळा काहीच नाही, एकदा तर तळातल्या ओंडक्यालाच झटका दिला. मग एकदा पाचलाच लाइन सैल पडली. मला वाटलं आकडे चुकले, म्हणून क्षणभर थांबलो, आणि तेवढ्यात तो सोडून गेला. पुढच्या वेळी सहाला सैल पडली. या वेळी विचार केला नाही. वॉलआय! लहानसाच, पण वॉलआय.

जिगरबाज
शाब्बास!

तळ्यात_मळ्यात
तो सॉगर नाही ना, याची खात्री कर. दोघे सारखेच दिसतात. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग असतो, आणि सॉगरच्या पाठीवरच्या परावर ठिपक्यांच्या ओळी असतात.

गळटाक्या
मासा धरला की गेम नाव लिहून दाखवतो हो.

पाणकोंबडा
बोटीतून एव्हाना तिन्ही झाले असते.

गळटाक्या
दोन बाकी आहेत. मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवलाय, खोलीतला दिवा बंद केलाय. पहाटे चारला परत बसतो. गेममधल्या.