मदत हवी आहे: विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएलची जीपीएल लायब्ररी निघाली

मंडळी, जरा तातडीचं आहे. आमचं स्टॉक-बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे. सोर्स कोड कोणाला देत नाही, सॉफ्टवेअर चालू करायची 'की' (कोड) देऊन विकतो. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने करार करण्याआधी आतल्या सगळ्या लायब्ररींची लायसन्स मागितली. यादी करायला बसलो तर इन्स्टॉलरच्या फोल्डरमध्ये लिबमायएसक्यूएल.डीएलएल, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी क्लायंट लायब्ररी. तिची लायसन्स फाइल पहिल्यांदाच उघडली (हो, चार वर्षांनी). जीपीएल आवृत्ती २! म्हणजे ती जोडलेला प्रोग्राम वाटला तर त्याचा सोर्सही द्यायची अट.

मायएसक्यूएलचा सर्व्हर ग्राहक स्वतः बसवतो, वेगळा चालतो, त्याची फारशी चिंता नाही. घोळ क्लायंट लायब्ररीचा आहे. ती आमच्या एक्झीला जोडलेली आहे आणि वाटतोही आम्हीच. मायएसक्यूएल ३.२३ पर्यंत ती एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य प्रकार, बंद सोर्सच्या सॉफ्टवेअरलाही अटींसह जोडता येतो) होती, ४.० पासून जीपीएल झाली, त्यामुळे नेटवरचे जुने सल्ले वाचून डोकं आणखीच फिरतं. फॉस एक्सेप्शन ही मायएसक्यूएलची जीपीएलमधून सवलत ओपन सोर्सवाल्यांसाठी, आम्हाला उपयोग शून्य.

'डायनॅमिक लिंक केलंय ना (लायब्ररी एक्झीत न मिसळता वेगळ्या डीएलएलमधून जोडलीय), मग जीपीएल लागत नाही,' असं आमचा एक सहकारी छातीठोकपणे सांगतो. मला वाटतं तो एलजीपीएलशी गल्लत करतोय. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तरी स्टॅटिक-डायनॅमिक असा भेद मानत नाही. वेब आवृत्ती आमच्याच सर्व्हरवर चालते, प्रत कोणाच्या हातात जात नाही, म्हणून तिथे जीपीएल आड येत नाही असं धरतोय. एजीपीएल (नेटवरून वापरू दिल्यावरही सोर्सची अट लावू शकणारं लायसन्स) असती तर तिथेही विचार करावा लागला असता.

सध्या तिच्या जागी मारियाडीबी कनेक्टर/सी (मायएसक्यूएलशीही चालणारी दुसरी क्लायंट लायब्ररी) लावून पाहिलं, ते एलजीपीएल २.१ आहे. फंक्शनांची नावं तीच, त्यामुळे दिवसभरात बिल्ड झालं. फक्त मायएसक्यूएल ८ ला लॉगिन होईना, कॅशिंग_शा२_पासवर्ड या त्याच्या पासवर्ड तपासायच्या पद्धतीची प्लगइन डीएलएल सोबत ठेवल्यावर झालं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची क्लायंट लायब्ररी लिबपीक्यू लायसन्सच्या दृष्टीने सगळ्यात निर्धास्त, पण सगळ्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड) पुन्हा लिहायला आत्ता वेळ नाही.

आता अडलंय ते असं. डीएलएल वेगळी ठेवली, लायसन्सची प्रत आणि लायब्ररीचा सोर्स दिला, तरी आमच्या ग्राहक-करारात 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला (प्रोग्राम उलगडून आतली रचना शोधायला) सक्त मनाई' हे कलम आहे. एलजीपीएल २.१ च्या कलम ६ नुसार ग्राहकाला स्वतःच्या वापरापुरते सॉफ्टवेअरमध्ये बदल करायची आणि ते बदल डीबग करण्यापुरती रिव्हर्स इंजिनिअरिंगची तरी मुभा द्यावी लागते ना? करारातलं ते कलम तुम्ही कसं लिहिलंत? आणि जुन्या प्रती आधीच ग्राहकांकडे गेल्यात, त्यांना नुसता अपडेट पाठवून भागतं की आधी वकील गाठावा? यातून गेलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.