कांद्याच्या भावात सरकार

‘उदारमतवाद हे अमेरिकेतल्या धनिकांचं खूळ, इथे सरकारने हात काढला की व्यापारी लुटणारच’ असं म्हणणारे बरेच भेटतात. लासलगावच्या कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्याकडे सरकारचा हात कसा पोचतो ते.

जून 2020 मध्ये अध्यादेश आला: कांदा-बटाट्यावर साठ्याची मर्यादा एरवी घालायची नाही, किरकोळ भाव दुप्पट झाले तरच. सप्टेंबरात निर्यातबंदी. ऑक्टोबरात साठ्याची मर्यादाही परत! ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी. भाव पडतात तेव्हा मात्र बाजार ‘मुक्त’ असतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच तर ओरडून सांगत होते: सूट-सबसिडीचं राहू द्या, घामाचं दाम मिळू द्या.

साठ्याच्या मर्यादेच्या मुळाशी 1955चा आवश्यक वस्तू कायदा आहे. तो 1976 साली संविधानाच्या नवव्या परिशिष्टात टाकला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देणं अवघड. नियंत्रण हवं म्हणणाऱ्यांनाही हे खटकायला हवं. (गंमत म्हणजे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. बाजार मोकळा हवा म्हणणाऱ्या जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षालाही!)

व्यापारी संगनमत करतात, मान्य. पण मोजक्याच परवानाधारकांच्या हाती लिलाव देणारी बाजार समितीची चौकट कायद्यानेच उभी केली ना? भूजलाच्या उपशाबाबत मात्र मी नियंत्रण हवं म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे. तिथे ‘ज्याची जमीन त्याचं पाणी’ म्हणून भागत नाही.