टाके बरोबर, तरी स्वेटरचा पुढचा भाग लांब! कुठे चुकलं?

आजी_सातारा
नात चार वर्षांची, अमेरिकेत असते. सूनबाईने तिकडचाच नमुना पाठवलाय, व्ही गळ्याचं, पुढून बटणांचं स्वेटर. मोती चौकातून मोरपंखी लोकर आणली. नमुन्यात सुई नंबर 6. मी आपली घरातली 6 घेतली, तर विणकाम कसलं, मासे धरायचं जाळं झालं! मग कळलं, त्यांची 6 म्हणजे 4 मिलिमीटर, आपली 8 नंबर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, त्यांच्याकडे जाड. असो, ते निस्तरलं. 10 सेंटीमीटरला 22 टाके, 28 ओळी अगदी बरोबर येतात.

आता अडलंय डाव्या पुढच्या भागाला. सुईवर 34 टाके. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या कडेला, 3 बंद करा, मग एक ओळ सोडून एकेक असे 4 कमी करा. पुढे मोठ्या अक्षरांत 'ॲट द सेम टाइम', आणि गळ्याकडे दर चौथ्या ओळीला 1, असे 10 वेळा. शेवटी 17 उरले पाहिजेत. माझे 17च उरले. पण मागच्या भागावर ठेवून बघते तर पुढचा चांगला साडेतीन सेंटीमीटर लांब. दोनदा मोजलं. ह्यांनीही मोजलं.

लोकरवेडा
मागचा भाग दहा ओळी वाढवा, विषय संपला.

माई_सांगली
अहो दादा, मुंढा मोठा झाला तर बाही कशी बसेल? बाही ठरलेल्या मापाची असते.

काकू, टाके बरोबर आले म्हणूनच फसलात. तुम्ही आधी मुंढा पूर्ण केला आणि मग गळा धरला ना? दोन्ही एकाच वेळी सुरू करायचं, मोठी अक्षरं त्यासाठीच. मुंढ्याला 3 टाके बंद करता ती ओळ 1 धरा. विषम ओळी सगळ्या सुलट बाजूच्या. डाव्या भागात सुलट ओळ मुंढ्याकडून निघते, गळ्याकडे संपते. ओळ 1 ला सुरुवातीला 3 बंद, शेवटी 1 कमी: उरले 30. ओळ 3 ला फक्त मुंढा, 29. ओळ 5 ला दोन्हीकडे, 27. 7 ला मुंढा, 26. 9 ला दोन्हीकडे, 24. मुंढा संपला. पुढे नुसता गळा, 13, 17, 21 असं करत 37 व्या ओळीला 17. वर तीन ओळी साध्या, झाल्या 40. तुम्ही गळा 11 पासून धरला असणार, म्हणून 50 झाल्या.

उसवण्याआधी मुंढ्याखालच्या ओळीतल्या 34 टाक्यांतून बोथट सुईने रंगीत दोरा ओवून घ्या. टाके पळणार नाहीत.

आजी_सातारा
माई, अगदी तस्संच केलं होतं! मागचा भाग मोजला, मुंढ्यापासून बरोबर 40 ओळी. काल दुपारी उसवलं. उसवताना जीव तुटतो हो. ह्यांना चौकटीच्या वहीत ओळींचे आकडे लिहायला बसवलं, मी विणलं की ते खूण करतात. मध्ये चहाला उठले तेवढ्यात माझी एक ओळ बिनखुणेची गेली आणि त्यावरून वाद. पण 24 वर पोचले.

उजव्या भागाला नुसतं 'असंच, उलट बाजूने' लिहिलंय. ते कसं?

माई_सांगली
तिथे सुलट ओळ गळ्याकडून निघते. म्हणून 3 टाके ओळ 2 ला, उलट बाजूने, सुरुवातीला बंद करा. बाकी ओळींचे आकडे तेच. गळा ओळीच्या सुरुवातीला, मुंढा शेवटी. आणि एक. डाव्या गळ्याला दोन टाके एकत्र सुलट विणलेत. उजव्याला एक टाका न विणता उचला, पुढचा विणा, उचललेला त्यावरून पलीकडे टाका. नाहीतर गळ्याचा उतार दोन्हीकडे एकसारखा दिसत नाही. मुलीचं आहे, काजं उजव्या पट्टीवर.

आजी_सातारा
बरं झालं काजांचं सांगितलंस बाई. डावीवरच धरली होती मी.