आयसीयूमध्ये सेंट्रल लाइनचा फिल्टर सारखा चोक होतोय, मदत हवी आहे

रंकाळा_नाईट_ड्युटी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यापासून आमच्याकडं सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी) ०.२ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इन-लाइन फिल्टर लावतोय. कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटांत डेमो दिला, चहा पिऊन गेला. खोक्यातलं माहितीपत्रक स्टोअरमध्ये कुठं गेलं देव जाणे.

आता अडचण. बेड ४ ला डोक्याला मार लागलेला पेशंट आहे, व्हेंटिलेटरवर. लाइनच्या एका लुमेनवर (आतल्या वेगळ्या वाटेवर) मिडाझोलाम, म्हणजे गुंगीचं औषध, चालू आणि त्यावरच फिल्टर. फिल्टर चार दिवस चालतो असं सांगितलं होतं, इथं एक दिवस टिकेना. पंप ऑक्लुजनचा, म्हणजे वाट अडल्याचा, अलार्म देत बोंबलतो. माझ्या ड्युटीत बहुतेक सकाळी साडेसहाला, म्हणजे नेमकं हँडओव्हर लिहायला बसलं की. दिवसपाळीच्या मुली म्हणतात, त्यांच्याकडं संध्याकाळी. परवा एकीनं वैतागून फिल्टरच काढला आणि लाइन सरळ जोडली. पेशंटला काही झालं नाही. इन्चार्ज म्हणाल्या, "मग कशाला पाहिजे ते लोढणं?"

फिल्टर खराब निघालेत का आमचंच काही चुकतंय? आणि प्रोपोफॉल (दुसरं गुंगीचं औषध) सुरू झालं तर ते यातून जाईल का?

तांबडा_पांढरा
ताई, माल डुप्लिकेट असेल. परत पाठवा.

फार्मसीवाली_इचलकरंजी
लगेच मालावर जाऊ नका हो. सिस्टर, एकच विचारते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला या पेशंटला काय देता? आणि कुठून देता?

रंकाळा_नाईट_ड्युटी
पॅन्टॉप ४० (ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल), दोन वेळा. थ्री-वेमधून (तीन तोंडांची तोटी), मिडाच्याच लाइनला. बाकीचे लुमेन भरलेले असतात म्हणून.

फार्मसीवाली_इचलकरंजी
सापडला चोर. पॅन्टोप्राझोल अल्कधर्मी, मिडाझोलाम आम्लधर्मी द्रावणात असतं. दोन्ही एका नळीत भेटली की साका धरतो. तुमचा थ्री-वे फिल्टरच्या वरच्या बाजूला असणार, म्हणून तो साका फिल्टरनं धरला आणि बिचारा चोक झाला. तो खराब नाही, तो आपलं काम करतोय. उरलेलं थोडं-थोडं औषध एका सिरिंजमध्ये, पेशंटपासून लांब, एकत्र करून बघा. गढूळ दिसलं तर प्रश्नच मिटला. नाही दिसलं तरी चालतंय असं समजू नका, कारण साधारण ५० मायक्रॉनच्या खालचं डोळ्याला दिसत नाही आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम ५ ते ८ मायक्रॉनच्या.

परवा फिल्टर काढला तेव्हा तो साका कुठं गेला, एवढंच इन्चार्जना विचारा. म्हणजे विचारू नका, नोकरी आहे. पण मनात ठेवा.

अशाच आणखी जोड्या: फुरोसेमाइड आणि मिडाझोलाम, सेफ्ट्रियाक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट). फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घालायचंच नाही, फक्त एनएसमध्ये (साधं सलाईन), आणि आधी-नंतर एनएसनं फ्लश. मॅनिटॉल २०% थंडीत खडे धरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून खडे पूर्ण विरघळवायचे, निवल्यावर फिल्टरच्या सेटनं द्यायचं. शेकोटीपाशी बाटली ठेवणारे वॉर्डबॉय मी पाहिलेत, तसं नको.

प्रोपोफॉल ०.२ मधून अजिबात नाही, ते स्निग्ध इमल्शन आहे. वेगळ्या लुमेनवर, नाहीतर फिल्टरच्या खाली पेशंटच्या बाजूला जोडायचं. लिपिड (स्निग्धांश) असलेल्या टीपीएनला, म्हणजे शिरेतून द्यायच्या अन्नाला, १.२ मायक्रॉनचा वेगळा फिल्टर येतो आणि तो रोज बदलायचा. रक्त यातून कधीच नाही, त्याच्या सेटची जाळी १७० ते २०० मायक्रॉनची असते.

गडहिंग्लजकर_डॉक्टर
वरचं सगळं बरोबर. थोडी भर घालतो. फिल्टरचा गाजावाजा मुख्यतः मुलांच्या आयसीयूमुळे झाला. २०१२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधनात ८०७ मुलं होती, फिल्टर लावलेल्यांत गंभीर गुंतागुंत ४०.९ वरून ३०.९ टक्क्यांवर आली. मोठ्यांमध्ये असा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. त्यामुळे "प्रत्येकाला लावाच" असं मी म्हणणार नाही. पण चोक झाला म्हणून फिल्टर काढायचा आणि तेच औषध तसंच सोडायचं, हे कुठल्याही अभ्यासात बसत नाही.

आणि चोक झालेल्या फिल्टरवर सिरिंजनं जोर लावून फ्लश करू नका, पडदा फाटतो. बदलायचा. नॉरॲड्रेनालिन (बीपी टिकवणारं औषध) चालू असेल तर नवा फिल्टर आधीच भरून, हवा काढून हाताशी ठेवा, मग झटकन बदला. बीपी तेवढ्यातही घसरतं.

तांबडा_पांढरा
बरं, माझा अंदाज चुकला. ९६ तास का २४ तास हे कसं ओळखायचं पण? आमच्या मावशीला लावलेत म्हणून विचारतोय.

फार्मसीवाली_इचलकरंजी
पाकिटावर छापलेलं असतं. एन्डोटॉक्सिन (जंतूंचं विष) धरणारे ०.२ वाले सहसा ९६ तास, बाकीचे २४. पण नातेवाइकांनी त्याला हात लावायचा नाही हं, सिस्टरना विचारायचं.

रंकाळा_नाईट_ड्युटी
काल रात्री करून बघितलं. सिरिंजमध्ये बघता बघता गढूळ झालं. लय वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सरांना दाखवलं. त्यांनी पॅन्टॉप दुसऱ्या लुमेनवर घेतलं, आधी आणि नंतर १० एमएल एनएस. आज सकाळी साडेसात वाजले तरी पंप गप्प. पाकिटावर ९६ तास लिहिलंय, तारीख-वेळ टेपवर लिहून फिल्टरला चिकटवली.

इन्चार्जना अजून सांगितलेलं नाही. पण ड्रग चार्टच्या मागं कुठलं औषध कुणाबरोबर चालत नाही याची यादी पेननं लिहायला घेतलीय. इचलकरंजीच्या ताई, तुमच्याकडं तयार तक्ता असेल तर इथंच टाका ना.